नवस कोणाचा, फेड कोणाची?

प्रस्तावना

मी आठ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला. ताप तीन आठवडे हटेना. मरोळ गावठाणातल्या आमच्या घरात तेव्हा आजीचा शब्द चाले. एका संध्याकाळी ती ओट्यावर आली, वांद्र्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि तिथल्या डोंगरावरच्या मारियेला, मोतमावलीला बोलली, पोराला उठव, तो सात वर्षं तुझ्या जत्रेला अनवाणी चालत येईल. पोर उठलं. पुढच्या सप्टेंबरात आजी बसने निघाली आणि मी वडिलांचं बोट धरून पायी. चकाला, अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ, खार. पार्ल्यापर्यंत मजा वाटली, सांताक्रूझला टाचेत खडी रुतली, खारला मी फुटपाथवरच बसकण मारली. शेवटच्या चढाला वडील मला कडेवर घ्यायला वाकले, पण मीच नको म्हटलं. कडेवर बसलेलं मावलीने मोजलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, अशी धास्ती होती. वर आजी मेणाचं बाहुलं घेऊन पायऱ्यांशी बसली होती. तिने लुगड्याच्या पदराने माझे पाय पुसले आणि म्हणाली, “झालं बाबा, एक वर्ष फिटलं.” मी विचारलं, “आजी, नवस तू बोललीस ना? मग चाललो मी का?”

वडील हसले. आजी हसली नाही.

हे छोटं पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल. मधली चाळीस वर्षं तो प्रश्न मी विसरलो होतो. बोरिवलीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण दर शुक्रवारी बायबल वाचायला बसतो. तिथे एका तरुणाने तो पुन्हा समोर आणला. त्याच्या आईने त्याच्या जन्माआधी नवस केला होता की मुलगा झाला तर त्याला फादर करीन. मुलाला इंजिनिअर व्हायचं होतं. आई आता अंथरुणाला खिळलेली, आणि नातेवाईक बोलून दाखवत होते की नवस राहिला म्हणूनच हे भोग. “मी बांधलेला आहे का?” त्याने विचारलं. हॉलमध्ये पंचवीस माणसं होती. कोणालाच पटकन हो म्हणवेना, आणि नाही म्हणायचीही हिंमत होईना. त्या शुक्रवारनंतर आम्ही दुसरं सगळं बाजूला ठेवून बायबलमधले नवस वाचायला घेतले. पुढची पानं म्हणजे त्या वाचनाची टिपणं.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत नवस ‘बोलतात’ आणि ‘फेडतात’. मधल्या काळात तो ‘राहिलेला’ असतो आणि शेवटी तो ‘फिटतो’. ही सगळी भाषा कर्जाची आहे. बायबलच्या जुन्या कराराची मूळ हिब्रू भाषाही या बाबतीत अगदी आपल्यासारखी बोलते. तिथे नवसाला ‘नेदेर’ म्हणतात आणि तो फेडण्यासाठी जे क्रियापद येतं, तेच देणं चुकतं करण्यासाठी, नुकसान भरून देण्यासाठीही येतं. ‘शालोम’ हा शब्द त्याच धातूचा. देणं फिटलं, हिशेब पुरा झाला की शांती. आजच्या मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘नवस’ हाच शब्द आहे आणि तो ‘फेडायचा’च आहे. मराठी वाचकाला म्हणून या उताऱ्यांपाशी फारसं काही समजावून सांगावं लागत नाही. जेजुरीला, एकवीरेला, मोतमावलीला किंवा माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला ज्याच्या घरातलं कोणी कधी गेलं आहे, त्याला नवस म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच की बायबल नवसाला किती भितं.

‘भितं’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. बायबल नवसाला बंदी करत नाही, पण मोशेचं नियमशास्त्र तो करा असंही कुठे सांगत नाही. दशांश द्या, सण पाळा, शब्बाथ पाळा, अशा आज्ञा आहेत. नवस करा अशी आज्ञा नाही. अनुवाद या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात मोशेचं नियमशास्त्र साफ सांगतं की नवस केला तर फेडायला उशीर लावू नका, उशीर लावलात तर ते पाप आहे, आणि मुळात नवस केलाच नाहीत तर त्यात काहीच पाप नाही. उपदेशकाच्या ५व्या अध्यायात हाच विचार आणखी रोखठोक येतो. बोलून न फेडण्यापेक्षा न बोललेलं बरं. आणि वसुलीला आलेल्यासमोर, चुकून बोलून गेलो, अशी सबब सांगू नका. नीतिसूत्रांच्या २०व्या अध्यायात तर उतावळेपणाने एखादी वस्तू देवाला वाहून टाकणं आणि मग विचार करत बसणं याला सरळ फासा म्हटलं आहे. आधी बोलायचं आणि मग हिशेब करायचा, हा क्रम शास्त्राला मान्य नाही.

हिशेबाची बाजूही शास्त्र मोकळी सोडत नाही. लेवीय या पुस्तकाचा शेवटचा, २७वा अध्याय आमच्या हॉलमध्ये वाचला तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “हे तर रेटकार्ड आहे!” खरंच आहे. एखाद्याने स्वतःला किंवा घरच्या माणसाला देवाला वाहिलं, तर त्या माणसाऐवजी पवित्रस्थानात किती चांदी द्यायची याचे दर तिथे दिले आहेत. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे ५० शेकेल, स्त्रीचे ३०. पाच ते वीस वर्षांच्या मुलाचे २०, मुलीचे १०. एक महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ५, मुलीचे ३. साठीपुढच्या पुरुषाचे १५, स्त्रीचे १०. स्त्रीपुरुषांच्या दरातला फरक आज डोळ्यांत खुपतो आणि तो खुपावाच. पण त्याच्याच पाठोपाठ एक वाक्य येतं, ते नजरेतून सुटू देऊ नका. बोलणारा गरीब असून त्याला हा दर झेपत नसेल, तर याजकाने त्याची ऐपत पाहून रक्कम ठरवावी. माणूस वाहिला म्हणजे माणूस द्यायचा, असं शास्त्र म्हणतच नाही. माणसाच्या जागी चांदी, आणि चांदी नसेल तर ऐपतीप्रमाणे. नवस कडक, पण त्याच्या भिंतीत एक दार ठेवलेलं आहे. हे दार लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत एक बाप त्या दाराशी गेलाच नाही.

तो बाप म्हणजे इफ्ताह. शास्ते, अध्याय ११. गिलादातला, वेश्येच्या पोटचा म्हणून भावांनी घराबाहेर काढलेला. पुढे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा तेच भाऊबंद त्याच्या पाया पडायला आले. आधी मला तुमचा सरदार करू म्हणा, मग लढतो, असं ठरवून घेणारा हा व्यवहारी माणूस. माणसांशी त्याने सौदा नीट घासून केला आणि देवाशी मात्र आंधळेपणाने बोलून बसला. जिंकून घरी परतलो की दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते तुला. दारातून डफ वाजवत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक लेक. त्याने कपडे फाडले आणि तिलाच म्हणाला, पोरी, तू मला धुळीला मिळवलंस. बोलला तो, आणि दोष तिचा! तिने दोन महिने मागितले, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला, आणि ती परत आली. पुढे तिचा खरोखर बळी दिला गेला की तिला आजन्म कुमारी ठेवलं, यावर टीकाकारांचा मध्ययुगापासून वाद आहे. वादात पडण्याआधी दोन गोष्टी पाहा. अध्यायात कुठेही देवाने हे मागितल्याचं किंवा स्वीकारल्याचं लिहिलेलं नाही. तो गप्प आहे. आणि मुलीचं नाव लिहिलेलं नाही. वर्षातून चार दिवस इस्राएलच्या मुली तिच्यासाठी जात, एवढीच तिची खूण.

यहुदी गुरुजनांनी या गोष्टीवर एक बोचरी पुरवणी जोडली आहे. हा नवस सोडवून घेता आला असता, असं ते म्हणतात. त्या काळचा महायाजक पिनहास ते करू शकला असता. पण मी सेनापती, मी का त्याच्याकडे जाऊ, असं इफ्ताह म्हणाला, आणि मी महायाजक, मी का त्याच्याकडे जाऊ, असं पिनहास म्हणाला. दोघांच्या तोऱ्यात पोर गेली. पुढे यहुदी परंपरेत तिघांपुढे बसून नवस सोडवून घेण्याची रीतच पडली. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ म्हणून न फेडता येणारे नवस मागे घेतले जातात. तेही फक्त माणूस आणि देव यांच्यातले. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द त्यात सुटत नाही.

इफ्ताहाची गोष्ट वाचल्यावर आमच्या गटाने एक वही केली. डावीकडे लिहायचं नवस किंवा शपथ कोणी बोललं, आणि उजवीकडे फेडलं कोणी. पुस्तकाचा आराखडा त्या वहीतूनच निघाला. डावीकडे शौल राजा : संध्याकाळपर्यंत जो खाईल तो शापित. उजवीकडे योनाथान, त्याचा मुलगा. त्याने ही शपथ ऐकलीच नव्हती. रानात मध दिसला, त्याने काठीचं टोक पोळ्यात बुडवून चाखलं आणि त्याच्या डोळ्यांत तेज आलं. एवढ्यावरून बाप त्याला मारायला निघाला. लोक मध्ये पडले म्हणून तो वाचला. डावीकडे हेरोद : नाचणाऱ्या मुलीला, मागशील ते देईन, अशी पाहुण्यांदेखत शपथ. उजवीकडे बाप्तिस्मा करणारा योहान, तबकात डोकं. आमच्या मरोळजवळ सीप्झच्या कुंपणाआड याच योहानाच्या नावाचं जुनं चर्च आहे, १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं. १८४० मध्ये साथीमुळे वस्ती हलली आणि ते ओस पडलं. आता त्याच्या छपराविना उभ्या भिंतींमध्ये वर्षातून एकदा मिस्सा होते. लहानपणी तिथे जाताना वडील सांगत, “शपथ घेतलेल्या माणसाच्या पाहुण्यांनी तरी बोलायला हवं होतं.” तेव्हा कळलं नव्हतं. शौलाच्या लोकांनी तोंड उघडलं आणि योनाथान जगला. हेरोदाच्या पाहुण्यांनी मिटलेलं ठेवलं.

गणना या पुस्तकाचा ३०वा अध्याय याच वहीच्या प्रकाशात वाचावा. वरवर तो आजच्या वाचकाला चिडवणारा आहे. मुलीचा नवस बाप मोडू शकतो, बायकोचा नवरा. विधवा आणि परित्यक्ता यांचा नवस मात्र पुरुषाच्या नवसासारखाच पक्का. बायकांच्या शब्दाला किंमत नाही का, असं मुलुंडहून येणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आणि ते विचारणं रास्त होतं. पण अध्यायात एक अट आहे. हरकत घ्यायची ती ऐकल्याच्या दिवशीच. त्या दिवशी जो गप्प बसला त्याने नवस मान्य केला. नंतर केव्हातरी तो मोडायला लावला तर दोष बाईचा नाही, त्याचा. बाईचा नवस म्हणजे त्या काळी घरच्या कोठारातलं धान्य, घरचं जनावर. म्हणजे फेडायची पाळी ज्याच्यावर येणार, त्याला बोलायला एक दिवस दिलेला आहे. पुरुषसत्तेच्या चौकटीतलाच नियम, पण त्याचा गाभा मला महत्त्वाचा वाटतो. फेडणाऱ्याला विचारल्याशिवाय नवस पुरा होत नाही.

हन्नाची गोष्ट त्यामुळेच गोड लागते. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी हन्ना शिलोच्या मंदिरात ओठांतल्या ओठांत बोलते, आणि म्हातारा याजक एली तिला दारू प्यायलेली समजतो. मुलगा झाला तर तो तुझा. शमुवेल होतो. नवरा एलकाना त्या नियमाप्रमाणे नवस मोडू शकला असता. तो म्हणतो, तुला बरं वाटेल तसं कर. दूध तुटल्यावर ती मुलाला एलीच्या हाती सोपवून घरी येते. इथे बहुतेक प्रवचनं थांबतात. पवित्र शास्त्र थांबत नाही. १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की ही आई दर वर्षी एक छोटा अंगरखा शिवी आणि वार्षिक यज्ञाला जाताना घेऊन जाई. मूल समोर नाही. वर्षभरात ते किती वाढलं असेल याचा अंदाज बांधायचा, बाह्या जरा लांब ठेवायच्या. नवसाची फेड तिने मुलावर टाकून दिली नाही. आपला वाटा ती दर वर्षी सुई-दोऱ्याने भरत राहिली.

याकोबाची गोष्ट उशिराची आहे. भावाला फसवून पळालेला याकोब बेथेलला दगड उशाशी घेऊन झोपतो आणि उठल्यावर अटी घालतो. तू सोबत राहा, खायला भाकर दे, नेसायला वस्त्र दे, सुखरूप घरी पोचव, मग तू माझा देव आणि मिळकतीचा दहावा भाग तुला. अटींबद्दल देव त्याला एका शब्दाने बोलत नाही. अडलेला माणूस अटी घालणारच. पण वीस वर्षांनी गुरंढोरं, बायकामुलं घेऊन तो परत येतो आणि बेथेलला न जाता वाटेत शखेमाजवळ जमीन विकत घेऊन राहतो. तिथे त्याची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार होतो आणि मुलगे सूड म्हणून गाव कापून काढतात. त्यानंतर देव त्याला उठवतो की आता तरी बेथेलला जा. उशिराची शिक्षा म्हणून हे घडलं असं काही यहुदी टीकाकार सांगतात. मला देव तसा वाटत नाही. पण उजवीकडच्या रकान्यात दीनाचं नाव मी लिहिलं, आणि ते खोडायला गटातलं कोणी तयार झालं नाही.

नवसाची सबब करणारेही बायबलला ठाऊक आहेत. अबशालोमाने बापाकडून, म्हणजे दावीद राजाकडून हेब्रोनला जायची परवानगी काढली ती नवस फेडायच्या निमित्ताने, आणि तिथे जाऊन बंडाचं निशाण उभारलं. मलाखी संदेष्टा त्याच्यावर तुटून पडतो ज्याच्या कळपात धडधाकट नर आहे आणि जो नवसाला खोडाचं जनावर आणतो. येशूच्या काळापर्यंत सबब आणखी सफाईदार झाली होती. मार्कच्या ७व्या अध्यायात तो ‘कुर्बान’ची गोष्ट काढतो. म्हाताऱ्या आईबापाला जे द्यायचं, ते देवाला वाहिलेलं आहे असं जाहीर केलं की हात मोकळे. मराठीत आपण आईबापाचे पांग फेडतो आणि देवाचा नवसही फेडतो, क्रियापद एकच. येशूचा राग नेमका इथे आहे. देवाचं फेडतो म्हणून आईबापाचं बुडवायचं, हे त्याला चालत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तो आणखी पुढे जातो. शपथा वाहूच नका, तुमचं हो हे हो असू द्या आणि नाही हे नाही. ज्याचा रोजचा शब्द पक्का, त्याला वेगळा नवस बोलायची गरज किती उरते?

तरी पहिल्या ख्रिस्ती पिढीने नवस सोडून दिले असं नाही. पौलाने किंख्रियाला नवसापायी डोकं भादरलं. नंतर यरुशलेमेत त्याला सांगण्यात आलं की इथे चार माणसं नवसात अडकलेली आहेत, त्यांचा खर्च तू कर. हा नवस नाजीराचा, म्हणजे ठरावीक काळ केस न कापता देवाला वाहून राहण्याचा. तो पुरा करायचा तर प्रत्येकी एक कोकरू, एक मेंढी, एक एडका, शिवाय भाकरी लागत. गरिबाच्या आवाक्याबाहेरचं काम. पौल तयार झाला. आमच्या वहीतली ही एकच नोंद अशी, जिथे बोलणारे निराळे आणि फेडणारा निराळा, तरीही कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. कारण फेडणाऱ्याला विचारलं होतं, आणि तो राजीखुशीने हो म्हणाला होता.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. पुस्तकाचा दुसरा भाग त्याबद्दल आहे. ८ सप्टेंबर हा मारियेच्या जन्माचा सण. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याच्या डोंगरावर मोतमावलीची जत्रा भरते. आजचं चर्च १९०४ च्या सुमाराचं, पण मूर्तीचा आणि नवसांचा इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत मागे जातो. चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं, अगदी विमानंही टांगलेली असतात. कोळी, ईस्ट इंडियन, गोवेकर, हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे रांगेत. या मेणाच्या वस्तूंकडे मी हल्ली लेवीयाच्या रेटकार्डासारखं पाहतो. पाय दुखतो म्हणून पाय तोडून द्यायचा नसतो, पायाच्या आकाराचं मेण द्यायचं. घाटकोपरच्या चाळीतल्या बाईला आणि पाली हिलच्या बंगल्यातल्या बाईला तेच मेणाचं बाळ मिळतं. माणसाच्या जागी मेण ठेवणारी ही रूढी अडाणी आहे असं मला आता म्हणवत नाही. इफ्ताहाच्या दारात असं एखादं दुकान असतं तर!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा वांद्र्यापासून वरच्या गावठाणांत तिठ्यांवर क्रूस उभे राहिले. गाव वाचावं म्हणून गावाने मिळून बांधलेले. अशा क्रुसांपाशी आजही संध्याकाळी मेणबत्ती दिसते. ती लावणाऱ्याला बांधणाऱ्याचं नाव ठाऊक असेलच असं नाही. गावाचा नवस गाव फेडतं, हा हिशेब सरळ आहे.

आणि मुलुंडच्या पुढे ठाण्यात १८७९ चं शआर हशामायिम सिनगॉग आहे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचं. बायबलमधले नवस आपल्या मातीत किती जुने आहेत ते यांच्याकडे पाहून कळतं. नवस फिटला की ते ‘मलिदा’ करतात. गोड पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या खुणेचा खडक आहे, तिथे नवस फेडायला कोकणातून आणि मुंबईतून कुटुंबं जातात. हाईम सॅम्युअल केहिमकरांचा या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये छापून आला. नवसाने झालेल्या मुलाचे केस काही वर्षं न कापता वाढवायचे आणि मग कापून त्यांच्या वजनाइतकं सोनं-चांदी दान करायचं, ही रीत त्यात नोंदलेली आहे. नाजीराचा नवस, गणना अध्याय ६, कोकणातल्या वाडीत! इथेही मूल द्यायचं नाही, केसांच्या भाराइतकं धन द्यायचं.

प्रोटेस्टंट वाचक म्हणतील की आम्ही नवस करत नाही. त्यांना मार्टिन ल्यूथरची आठवण द्यावी लागेल. १५०५ च्या जुलैत एर्फुर्टजवळ वीज कडाडली आणि घाबरलेल्या ल्यूथरने संत अॅनला नवस केला की वाचलो तर साधू होईन. त्याचा बाप भडकला. मुलाच्या पहिल्या मिस्सेला त्याने विचारलं की आईबापाचा मान राख ही आज्ञा तू ऐकलीच नाहीस का? १५२१ मध्ये मठवासी नवसांविरुद्ध ल्यूथरने पुस्तक लिहिलं आणि ते बापालाच अर्पण केलं. सोळा वर्षांनी का होईना, उजवीकडच्या रकान्यातल्या माणसाला त्याने उत्तर दिलं.

आता त्या तरुणाचा प्रश्न. कॅथलिक चर्चचा १९८३ चा कायदा, कलम ११९३ : नवस त्याच्या स्वभावानेच बोलणाऱ्यालाच बांधतो. दुसऱ्याला नाही. त्याआधीचं कलम ११९१ म्हणतं की नवस विचारपूर्वक आणि मोकळ्या मनाने केलेला हवा, शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचा हवा. अन्यायाच्या धाकाने केलेला नवस नवसच नव्हे. बोललेलं झेपत नसेल तर पॅरिशचा फादर योग्य कारणासाठी त्यातून मोकळं करू शकतो, पण दुसऱ्याचा हक्क बुडत नसेल तरच. हे मी त्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे आईचा नवस आईचाच?” हो. ती फादरांशी बोलू शकते, त्याच्या बदल्यात दुसरं काही करू शकते. तू तिची सेवा कर, ती तिचा नवस म्हणून नव्हे, तुझी आई म्हणून.

वाचकांना आता पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. प्रत्येक प्रकरणात आधी उताऱ्याचा सारांश आहे, मग आमच्या गटातले प्रश्न, आणि शेवटी दोन रकान्यांचा तक्ता. उजवीकडचा रकाना काही ठिकाणी आम्ही मुद्दाम कोरा ठेवला आहे. बायबल हाताशी ठेवून वाचा. आमच्याशी मतभेद झाले तर समासात लिहा. शुक्रवारच्या गटातल्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. विशेषतः चिडून प्रश्न विचारणाऱ्यांचा.

राहिली आजी. त्या पहिल्या फेरीनंतरच्या सप्टेंबरात मी चपला काढून ओट्यावर उभा राहिलो, तर आजी आधीच अनवाणी खाली उतरलेली. गुडघे धरलेले, हातात काठी. “बोलले मी,” ती म्हणाली, “तर अर्धं तरी मी चालते.” त्या वर्षी ती पार्ल्यापर्यंत आली आणि तिथून बसने वर गेली. उरलेली सगळी वर्षं ती पार्ल्यापर्यंत माझ्याबरोबर चालली. देवाला काही बोलण्याआधी, वाचकहो, तुमच्या उजवीकडच्या रकान्यात कोणाचं नाव येणार आहे ते पाहा, आणि त्या माणसाला आधी विचारा. न विचारता बोलून बसलाच असाल, तर निदान पार्ल्यापर्यंत त्याच्याबरोबर चाला.